ब्रिज बदलण्याआधी तारेची वाट तपासा

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका तरुण वादकाचा आहे. त्यांच्याकडे स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घडणीची बजेट गिटार आहे आणि तिला सहा स्क्रूंवर बसणारा ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांडीने (बारने) हलवून सूर खालीवर करता येणारा ब्रिज आहे. ऑर्केस्ट्रात ते भावगीते आणि जुनी हिंदी गाणी वाजवतात. बार दाबला की गिटार सुरातून जाते, म्हणून सध्या बार काढूनच ठेवला आहे. तारा कुलपात आवळून धरणारा फ्लॉइड रोझ ब्रिज बसवावा, दोन खांबांचा चांगला ब्रिज घ्यावा, की आहे त्याच भोकांत बसणारा नवा ब्रिज आणावा, असे त्यांनी विचारले आहे. लाकडाचे काम नाशिकमध्येच होईल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सरळ सांगतो, फ्लॉइड रोझ तुमच्या कामाचा नाही. दोन खांबांचा ब्रिज कदाचित उपयोगी पडेल, पण त्याचा निर्णय आज घेऊ नका. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गिटारींमध्ये सूर बिघडवणारी जागा ब्रिजमध्ये नसते, ती मानेच्या दुसऱ्या टोकाला, नटमध्ये, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीत असते. ती जागा नीट न करता महागडा ब्रिज बसवला तर गिटार पूर्वीइतकीच बेसूर होते आणि बॉडीला पाडलेली भोके तेवढी कायमची उरतात.

या ब्रिजचा इतिहासही हेच सांगतो. लिओ फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. तिच्या ब्रिजची खुबी अशी की सॅडल (ज्यांवर तारा टेकतात ते तुकडे) आणि तारा अडकवायचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, दोन्ही एकत्रच हलतात. आधीच्या बिग्सबीसारख्या रचनेत टेलपीस, म्हणजे तारांची मागची टोके धरणारा भाग, हलते आणि ब्रिज जागेवर राहतो, त्यामुळे तार ब्रिजवरून घसरत जाते. स्ट्रॅटमध्ये ते घर्षण बरेचसे गेले, पण नटवरचे राहिले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हाच सहा स्क्रूंचा ब्रिज पार खालपर्यंत दाबायचा आणि वाजवता वाजवता तारा पुन्हा सुरात आणायचा. फ्लॉइड रोझ नावाच्या गिटारवादकाने १९७०च्या दशकाच्या मध्यावर या त्रासाला हात घातला, तेव्हा त्याने आधी काय केले? नटवर तारा आवळून धरणारे कुलूप बनवले. ब्रिजवरचे कुलूप त्यानंतर आले आणि ब्रिजवरचे बारीक ट्यूनर, म्हणजे सूर किंचित हलवायचे स्क्रू, त्याहून नंतर. ज्याच्या नावाने सगळे जग हा ब्रिज ओळखते, त्यालाही पहिला दोष नटमध्येच दिसला होता.

आता तुमच्या गिटारीत नेमके काय चालले आहे ते पाहू. बार दाबला की ब्रिज आणि नट यांच्यामधली तार सैल पडते. नटच्या पलीकडचा, हेडस्टॉकवरचा तुकडा त्या क्षणी जास्त ताणलेला असतो, म्हणून तो तारेचा अगदी थोडा भाग आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर तेवढाच भाग परत यायला हवा. नटची खाच अरुंद किंवा खरखरीत असेल तर तो परत येत नाही आणि तार चढी राहते. बार वर ओढला किंवा बोटाने तार ताणली की याच्या उलट होते आणि तार उतरलेली राहते. दोष कुठे आहे हे यावरूनच ओळखता येते.

ट्यूनर लावा, सगळ्या तारा नीट मिळवा, बार एकदाच खोल दाबून हलकेच सोडा आणि प्रत्येक तार तपासा. एकदोनच तारा हलल्या असतील, विशेषतः तिसरी, आणि त्या चढ्या असतील, तर दोष नटचा समजा. ती चढी तार बोटाने एकदा ताणून सोडा. ती सुरावर परत आली तर शंकाच नको. तार उतरलेली असेल तर नट आणि ट्यूनिंग की यांच्यामध्ये तिला बोटाने दाबून सोडा. तेवढ्याने सूर जागेवर आला तरी अडकण्याची जागा तीच. सगळ्या तारा एकाच दिशेला, साधारण सारख्याच हलल्या असतील, तर ब्रिज आपल्या मूळ जागी परत येत नाही. दोष टेकूच्या स्क्रूंमध्ये किंवा प्लेटच्या कडेत आहे. आणि प्रत्येक वेळी तारा उतरतच राहिल्या, किती मिळवल्या तरी पुन्हा उतरल्या, तर तारा नव्या आहेत आणि ताणून घेतलेल्या नाहीत, किंवा कीवरचे वेढे सरकत आहेत.

तारा बदलताना हाताने ताणायला बरेच जण विसरतात. नवी तार लावली की बाराव्या फ्रेटजवळ ती बॉडीपासून हलकेच वर उचला, पुन्हा मिळवा, पुन्हा उचला. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा. कीवर साध्या तारांचे तीनेक वेढे आणि गुंडाळीच्या तारांचे दोन वेढे पुरतात. ते एकाखाली एक उतरते असावेत, एकमेकांवर चढू देऊ नका. जास्त वेढे म्हणजे सरकायला जास्त तार.

नटची खाच तारेपेक्षा किंचित रुंद हवी, तळ गोल आणि गुळगुळीत हवा आणि उतार कीच्या दिशेने हवा. कारखान्यातून ९ ते ४२च्या (हे आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात) तारांसाठी कापलेल्या नटवर कुणी १० ते ४६च्या तारा चढवल्या की खाच लगेच चावायला लागते. बार हलवताना नटजवळून बारीक ‘टिक’ असा आवाज आला तर तीच खूण. खाच रुंद करायच्या खास कानशी महाग असतात. गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला बारीक खवल्यांच्या सळयांचा जो संच वापरतात, तो रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. त्यातली योग्य जाडीची सळई निवडली तर काम उत्तम होते. तिसरी साधी तार सहसा ०.०१६ किंवा ०.०१७ इंचाची, म्हणजे ०.४ मिमीच्या थोडी वर असते. सळई त्याहून जराशीच जाड घ्या. दोनचार हात फिरवा, तार लावून पाहा, मग पुन्हा. खाच खोल करायची नाही, फक्त तिच्या बाजू मोकळ्या करायच्या आहेत. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खणखणते आणि मग नटच बदलावा लागतो. शेवटी चित्रकलेच्या ६बी पेन्सिलीचे शिसे खाचेत घासा. हेडस्टॉकवर तारा दाबून धरणाऱ्या बिल्ल्यांच्या खालीही तेच लावा, कारण तार तिथेही अडकते.

नट प्लास्टिकचा आणि पोकळ असेल तर मी तो काढून हाडाचा किंवा ग्रॅफाइट मिसळलेला बसवतो. तुमच्या गिटारीवर खर्च करायचाच असेल, तर पहिला खर्च इथे करा.

आता टेकू. सहा स्क्रूंचा ब्रिज त्या स्क्रूंच्या मानांवर टेकून हलतो. हे स्क्रू घट्ट आवळलेले असतील तर प्लेट हलण्याऐवजी वाकते आणि तीही वेडीवाकडी. दुकानातून आलेल्या कितीतरी गिटारींत ते असेच आवळलेले असतात. फेंडरच्या सेटअप मार्गदर्शकात दिलेली पद्धत साधी आहे आणि ती चालते. सहाही स्क्रू प्लेटच्या पृष्ठभागापासून साधारण १.६ मिमी वर ठेवायचे, मग फक्त टोकाचे दोन स्क्रू प्लेटला लागेपर्यंत खाली न्यायचे. ब्रिज त्या दोन स्क्रूंवर फिरतो आणि मधले चार त्याला जागेवर धरून ठेवतात. हे करण्यापूर्वी तारा सैल करा. ताणाखाली हे स्क्रू फिरवले तर प्लेटची कड आणि स्क्रूची मान दोन्ही झिजतात. काही स्वस्त प्लेटच्या भोकांना खालून तिरपी कड दिलेलीच नसते, त्यामुळे टेकू धारेवर न येता सपाटीवर येतो. अशा प्लेटवर कितीही मेहनत घेतली तरी ब्रिज अचूक परत येत नाही. ब्रिज बदलायला हे खरे कारण आहे.

एवढे सगळे करून दोनचार दिवस वाजवा. तुमचा प्रश्न इथेच सुटण्याची शक्यता मोठी आहे. तरीही ब्रिज परत येत नसेल, बार त्याच्या भोकात लडबडत असेल, सॅडलचे स्क्रू गंजून बसले असतील किंवा तार सॅडलजवळच पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर नवा ब्रिज घ्या. मात्र आधी व्हर्निअर हातात घ्या.

इंटरनेटवर ‘स्ट्रॅट ट्रेमोलो’ शोधून जो दिसेल तो मागवला आणि भोकेच जुळली नाहीत, असे वारंवार होते. सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये दोन मापे फार प्रचलित आहेत. जुन्या अमेरिकी मापात टोकाच्या दोन स्क्रूंच्या मध्यांमधले अंतर सुमारे ५६ मिमी असते. आशियात बनणाऱ्या बऱ्याच बजेट गिटारींमध्ये ते ५२.५ मिमीच्या आसपास असते. काही ५४ मिमीचेही सापडतात. तारांमधले अंतरही सहसा त्याबरोबर बदलते. अरुंद मानेच्या गिटारीवर रुंद ब्रिज बसवला तर पहिली आणि सहावी तार फ्रेटच्या कडेवर जाते आणि वाजवताना खाली घसरते. म्हणून स्क्रूंचे अंतर मोजल्यावर शेवटच्या फ्रेटजवळ मानेची रुंदी आणि सध्या दोन्ही बाजूंना तारेच्या बाहेर उरणारी जागाही मोजा.

दुसरे माप ब्लॉकच्या उंचीचे. अस्सल स्ट्रॅटची बॉडी साधारण ४५ मिमी जाड असते. स्वस्त गिटारी ४० मिमीच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतात आणि त्यांचा ब्लॉक त्या हिशेबाने आखूड असतो. पूर्ण उंचीचा ब्लॉक अशा बॉडीत घातला तर तो मागच्या बाजूने बाहेर डोकावतो. नवा ब्लॉक जुन्यापेक्षा जाड असेल तर तो पोकळीच्या भिंतीला अडतो आणि बार अर्ध्यावरच थांबतो. तिसरे माप बारच्या आट्यांचे. अमेरिकी बनावटीत ते इंची असतात, बाकी ठिकाणी सहसा ५ किंवा ६ मिमीचे. ब्रिजबरोबर बार येतोच, पण तो हरवला की बदली बार शोधताना हे माप माहीत नसेल तर पंचाईत होते.

ब्लॉक कशाचा असावा यावर वादक तासन् तास बोलतात. माझे मत असे की जस्ताच्या ओतीव ब्लॉकपेक्षा पोलादाचा किंवा पितळेचा ब्लॉक चांगला, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे त्यात बारचे आटे टिकतात. जस्तातले आटे काही वर्षांत झिजतात आणि बार डुगडुगायला लागतो. आवाजात फरक पडतो, पण तो पिकअप किंवा नव्या तारांमुळे पडणाऱ्या फरकाइतका मोठा नाही. पातळ बॉडीसाठी तयार ब्लॉक मिळत नसेल तर नाशिककरांची मोठी सोय आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोट्या टूलरूम भरपूर आहेत. जुना ब्लॉक नमुना म्हणून द्या, उंची किती हवी ते लिहून द्या आणि तारांची भोके सरळ रेषेत, आतून कडा मारलेली हवीत हे स्वतः उभे राहून सांगा. माइल्ड स्टीलचा असा तुकडा त्यांच्यासाठी किरकोळ काम आहे. फक्त भोकाची कड धारदार राहिली की तार तिथेच तुटते, म्हणून ताब्यात घेताना प्रत्येक भोकात जाड तार घालून फिरवून पाहा.

आता निवड. त्याच भोकांत बसणारा सहा स्क्रूंचा चांगला ब्रिज ही तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस. लाकडाला हात लागत नाही, जुना ब्रिज जपून ठेवता येतो आणि गिटार विकायची वेळ आली तर ती मूळ रूपात जाते. विल्किन्सन आणि गोटोह या दोन्ही नावांचे सहा स्क्रूंचे ब्रिज मिळतात. मापे जुळवा आणि घ्या.

दोन खांबांचा ब्रिज हलायला जास्त मोकळा असतो, यात वाद नाही. फेंडरनेही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन स्टँडर्ड मालिकेत तोच आणला. गोटोहचा ५१० हा या प्रकारातला मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पण सहा स्क्रूंच्या बॉडीवर तो बसवायचा म्हणजे जुनी सहा भोके आधी कठीण लाकडाच्या खुंट्या आणि गोंद घालून बुजवायची, गोंद पूर्ण सुकू द्यायचा, मग खांबांच्या धातूच्या नळ्यांसाठी दोन नवी भोके पाडायची. ही भोके जुन्या भोकांवर किंवा त्यांच्या अगदी काठावर येतात. आधी न बुजवता ड्रिल लावले तर बिट घसरून तिकडेच जाते. आणि हे काम हातातल्या ड्रिलने करू नये. भोक काटकोनात हवे, नळी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसावी इतके घट्ट हवे आणि पोकळीच्या काठापासून पुरेसे लांब हवे. नाशिकमध्ये स्टँडचे ड्रिल मशीन फर्निचरच्या चांगल्या कारखान्यात सहज सापडेल. कारागिराला गिटारीबद्दल काही माहीत नसले तरी हरकत नाही, मात्र मध्यबिंदू तुम्ही स्वतः आखून द्या. ब्रिजच्या निर्मात्याने दिलेला मापांचा आराखडा कागदावर छापून न्या, बॉडीवर मास्किंग टेप लावा, मानेच्या मध्यरेषेवरून दोरा ताणून मध्य काढा आणि पहिल्या व सहाव्या तारेच्या जागी दोरे धरून ते फ्रेटबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर येतात का ते पाहा. स्ट्रॅटची स्केल (नट ते सॅडल ही तारेची ठरलेली लांबी) ६४८ मिमीची, म्हणजे नटपासून बारावा फ्रेट ३२४ मिमीवर. बारावा फ्रेट ते पहिल्या तारेचे सॅडल हे अंतर त्याहून किंचित जास्त ठेवता आले पाहिजे आणि सॅडल मागे न्यायला वाव हवा, नाहीतर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर अचूक येणे, कधीच जुळणार नाही.

फ्लॉइड रोझला मी नाही का म्हणालो, ते सविस्तर सांगतो, कारण ब्रिज म्हणून तो उत्तमच आहे. ज्याला तारा पार सैल होईपर्यंत बार दाबायचा आहे आणि लगेच सुरात परत यायचे आहे, त्याला दुसरा पर्याय नाही. पण त्यासाठी खांबांमधले अंतर सुमारे ७४ मिमी लागते, पोकळी मोठी करावी लागते, नटची जागा कापून तिथे कुलपाचा नट बसवावा लागतो आणि बहुतेक वेळा हेडस्टॉकवर तारा खाली दाबणारी पट्टीही लावावी लागते. ती पट्टी नसेल तर कुलूप आवळताना तारा चढतात. ब्रिज बॉडीपासून उंच बसतो, म्हणून मानेखाली पाचर द्यावी लागते किंवा बॉडी खोदावी लागते. बजेट गिटारीच्या मऊ लाकडात खांब काही महिन्यांत पुढे कलतात आणि मग धारेवर तोललेला ब्रिज आपला मूळ बिंदू गमावतो. एवढे करून, कार्यक्रमात एक तार तुटली की तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकलेला, फ्लॉइड उरलेल्या पाचही तारा चढवून टाकतो. ऑर्केस्ट्रात गायक आयत्या वेळी सूर बदलायला सांगतो. अशा वेळी तुम्हाला एखादी तार पटकन उतरवायची असेल तर आधी नटचे कुलूप ॲलन कीने सोडवायचे आणि एक तार उतरवली की बाकीच्या चढल्या म्हणून त्या पुन्हा मिळवायच्या. भावगीत वाजवणाऱ्याने हा सगळा भार कशासाठी घ्यावा? मेटल वाजवायचे असेल तर कारखान्यातूनच फ्लॉइड बसवून आलेली गिटार घ्या. ती या कामाला जास्त योग्य आणि अखेर स्वस्तही पडते.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाकडे लेस पॉल घडणीची गिटार असेल तर त्यांच्यासाठी बिग्सबीचा बी७ किंवा जुन्या टेलपीसच्याच जागी बसणारे पर्याय आहेत. मोठी डुबकी त्यांच्याने होत नाही, हलकी थरथर मात्र फार गोड येते. तिथे रोलर सॅडलचा ब्रिज लावला तर तार सॅडलवर अडकत नाही.

आता तुमचा ट्रेमोलो ब्रिज वापरायचा कसा, म्हणजे तरंगता ठेवायचा की बॉडीला टेकलेला, हे ठरवायला हवे आणि तुमच्या संगीताच्या दृष्टीने हा प्रश्न ब्रँडपेक्षा मोठा आहे. बोटाने तार हलवली की सूर फक्त वरच जातो आणि परत येतो. बारने तो सुराच्या खाली आणि वर, दोन्हीकडे नेता येतो. खालून सूर लावणे, एखाद्या स्वराला आंदोलन देणे, दोन तारा एकत्र वाजवून त्या दोन्हींवर कंप आणणे, या जागा बारने फार सुंदर येतात. दरबारीतल्या कोमल गंधारासारखा संथ हेलकावा हवा असेल तर बार अगदी टोकाला बोटांनी हलकेच धरून, मनगट सैल ठेवून सराव करा. यासाठी ब्रिज तरंगता हवा. त्याचा तोटाही मान्य करावा लागतो. एक तार बोटाने ताणली की ब्रिज थोडा पुढे येतो आणि सोबत वाजणारी दुसरी तार उतरते. तळहात ब्रिजवर जोरात टेकवायची सवय असेल तरी सूर हलतो. तुम्ही ऱ्हिदम जास्त वाजवत असाल तर ब्रिज बॉडीला टेकवून फक्त खाली दाबता येईल असा ठेवा. एरिक क्लॅप्टनने तर मागच्या पोकळीत लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज हलणेच बंद केले. तोही एक रास्त निर्णय आहे.

तरंगत्या ब्रिजची जुळणी म्हणजे तराजू तोलणे आहे. एका पारड्यात तारा, दुसऱ्या पारड्यात मागच्या पोकळीतल्या स्प्रिंग. ९ ते ४२च्या तारांचा नेहमीच्या सुरात एकूण ताण सुमारे ३८ किलो होतो, १० ते ४६च्या तारांचा सुमारे ४७ किलो. म्हणून तारांची जाडी बदलली की जुळणी पुन्हा करावी लागते. स्प्रिंग तीन लावाव्यात की पाच? तोल दोन्हींनी साधतो, पण पाच लावल्या तर बार जड होतो आणि तार ताणताना ब्रिज कमी हलतो. तीन लावल्या तर बार हलका चालतो. ९च्या तारा आणि हलकी आंदोलने हवी असतील तर तीन पुरेत.

फेंडरची शिफारस प्लेटची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिमी वर ठेवण्याची आहे. ती साधायची माझी पद्धत अशी. जुनी एटीएम कार्डे घ्या. एक कार्ड पाऊण मिमीचे असते, चार एकावर एक ठेवली की ३ मिमी झाले. स्प्रिंग जिला अडकतात ती मागची क्लॉची पट्टी धरणारे दोन्ही मोठे स्क्रू आधी चांगले आवळा, म्हणजे स्प्रिंगचा जोर तारांपेक्षा जास्त होईल. प्लेटच्या मागच्या कडेखाली कार्डे सरकवा. प्लेट त्यांवर घट्ट बसली पाहिजे. आता सगळ्या तारा सुरात मिळवा. ब्रिज हलत नसल्यामुळे एक तार मिळवताना दुसरी बिघडत नाही आणि कितीतरी वेळ वाचतो. मग क्लॉचे स्क्रू थोडे थोडे, दोन्ही सारखेच, सैल करत जा. कार्डे नुसत्या बोटाने निघाली की थांबा. तारा तपासा, किरकोळ फरक मिळवा, तोल साधला. यानंतर तारांची उंची आणि इंटोनेशन, याच क्रमाने.

क्लॉला एक वायर सोल्डर केलेली असते, ती तारांना अर्थिंग देते. ब्रिज काढताना ती तुटली आणि जोडायची राहिली तर तारांना हात लावला तरी स्पीकरमधला घूं आवाज कमी होत नाही. क्लॉ उष्णता शोषून घेतो, त्यामुळे २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने सोल्डर नुसते चिकटल्यासारखे दिसते आणि पुढे सुटते. ४० ते ६० वॅटची इस्त्री वापरा आणि जागा आधी घासून चकचकीत करा.

नाशिकच्या हवेचा विचारही करावा लागतो. पावसाळ्यात मान ओलावा धरते, डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते आणि उघड्या मंचावर गिटार पेटीतून काढली की तारा आखडून सूर हलतो. हा ब्रिजचा दोष नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी गिटार बाहेर काढून स्टँडवर ठेवा आणि मगच मिळवा. पावसाळ्यात घामाने सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात, त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीने द्या आणि टेकूच्या जागीही तेवढाच. नवा ब्रिज बसवायचा असेल तर तो महत्त्वाच्या कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी बसवा, कारण तारा, स्प्रिंग आणि मान नव्या ताणाला स्थिरावायला वेळ घेतात.

एक तपासणी मात्र दोन खांबांचा ब्रिज मागवण्यापूर्वीच करा. मागची प्लास्टिकची पट्टी काढा, स्प्रिंगच्या पोकळीत टॉर्च टाका आणि जिथे रंग लागलेला नाही तिथले लाकूड पाहा. थरांच्या आडव्या रेषा दिसल्या तर बॉडी प्लायवुडची आहे. अशा बॉडीत दोन खांबांची भोके पाडू नका, थर सुटतात आणि नळी पकड सोडते. सलग लाकूड दिसले तर नख दाबून पाहा. नखाची खूण सहज उमटत असेल तर लाकूड मऊ आहे. खांबाची भोके पोकळीच्या काठाजवळ आली तर तिथे चीर जाईल. या दोन्ही बाबतीत सहा स्क्रूंचाच ब्रिज ठेवा. एखादा स्क्रू भोकात सैल फिरत असेल तर ते भोक कठीण लाकडाच्या बारीक खुंटीने आणि गोंदाने बुजवून, दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या गाभ्याइतक्या बिटने पुन्हा पाडा. लाकूड सलग आणि कठीण निघाले, नट नीट केल्यावरही सगळ्या तारा एकदमच हलत राहिल्या, तर दोन खांबांचा गोटोह मागवा. भोके आखायच्या दिवशी मान बॉडीला जोडलेली ठेवा, कारण मध्यरेषा मानेवरूनच काढायची आहे.